दोनशे मैलांची रेषा : आइसलँड, ब्रिटन आणि छोट्या राष्ट्राचे सार्वभौमत्व

१९ फेब्रुवारी १९७६ रोजी आइसलँडने ब्रिटनशी असलेले राजनैतिक संबंध तोडले. दोन्ही देश नाटोचे संस्थापक सदस्य होते, आणि या संघटनेच्या एका सदस्याने दुसऱ्या सदस्याशी संबंध तोडण्याची ही पहिलीच वेळ होती. वाद कॉड माशाचा होता. आइसलँडच्या किनाऱ्यापासून किती अंतरापर्यंत परदेशी जहाजांना मासेमारी करता येईल, हे कोणी ठरवायचे, एवढाच प्रश्न होता. पण या प्रश्नात एका राष्ट्राची सगळी उपजीविका गुंतलेली होती आणि दुसऱ्या राष्ट्राची जागतिक सत्ता म्हणून उरलेली प्रतिष्ठा पणाला लागलेली होती.

त्या वेळी आइसलँडची लोकसंख्या सुमारे २ लाख २० हजार होती आणि त्याला स्वतःचे सैन्य नव्हते. तटरक्षक दलाकडे मूठभर गस्तनौका होत्या. समोर साडेपाच कोटींहून अधिक लोकसंख्येचे, अण्वस्त्रधारी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकार असलेले राष्ट्र होते. असे असूनही १९५२ ते १९७६ या काळात आइसलँडने आपली मासेमारीची हद्द चार वेळा वाढवली. ती आधी ४, मग १२, मग ५० आणि शेवटी २०० सागरी मैलांवर गेली. ब्रिटनने चारही वेळा विरोध केला, त्यांपैकी तीन वेळा नौदल पाठवले, आणि चारही वेळा अखेरीस माघार घेतली. हे कसे घडले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

याचे नेहमी दिले जाणारे उत्तर एका वाक्याचे असते. शीतयुद्ध चालू होते, आइसलँडमधील केफ्लाविक येथे अमेरिकेचा लष्करी तळ होता, तो जाऊ नये म्हणून ब्रिटनला नमते घ्यायला लावले गेले, असे ते उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. हाताशी एखादे साधन असणे वेगळे आणि ते वापरण्याची आपली तयारी समोरच्याला खरी वाटणे वेगळे. आइसलँडचे सामर्थ्य या दुसऱ्या गोष्टीत होते आणि ते समुद्राइतकेच त्याच्या संसदेतून, मतपेटीतून आणि बंदरांतून आलेले होते, असे माझे मत आहे.

पार्श्वभूमी : उसनी हद्द

तेराव्या शतकात नॉर्वेच्या आणि पुढे डेन्मार्कच्या राजसत्तेखाली गेलेले आइसलँड १९१८ साली सार्वभौम राज्य झाले, मात्र राजा डेन्मार्कचाच राहिला. १७ जून १९४४ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली, तेव्हा डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात होता आणि आइसलँडमध्ये दोस्त राष्ट्रांचे सैन्य होते. १० मे १९४० रोजी ब्रिटिश फौजा राजधानी रेक्याविकमध्ये उतरल्या, त्या कोणाची परवानगी घेऊन आल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी त्यांची जागा अमेरिकी सैन्याने घेतली. तटस्थता जाहीर केली म्हणून ती पाळली जातेच असे नाही, हा धडा नव्या प्रजासत्ताकाला जन्माआधीच मिळाला होता. १९४९ मध्ये नाटोत आणि १९५१ मध्ये अमेरिकेबरोबरच्या संरक्षण करारात आइसलँड सामील झाले, त्यामागे हा अनुभव होता.

मासेमारीची हद्द मात्र त्याहून जुन्या कराराने बांधलेली होती. १९०१ साली डेन्मार्क आणि ब्रिटन यांच्यात पन्नास वर्षांचा करार झाला आणि त्यानुसार आइसलँडभोवतीची हद्द अवघी ३ मैल ठरली. हा करार आइसलँडच्या समुद्राविषयी होता, पण तो करणारा आइसलँड नव्हता. ब्रिटनच्या बाजारपेठेची गरज असलेल्या डेन्मार्कने आपला समुद्र सौद्यात दिला, अशी आइसलँडमधील सर्वसाधारण भावना होती. याच काळात वाफेवर चालणारे ट्रॉलर म्हणजे मासेमारी जहाजे इंग्लंडमधील हल आणि ग्रिम्स्बी या बंदरांतून मोठ्या संख्येने येऊ लागले. ट्रॉलरचे जाळे समुद्राच्या तळावरून ओढले जाते, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या उथळ मंचावर अंडी घालायला येणारा कॉड आणि त्याची पिल्ले दोन्ही त्यात सापडतात. ज्या देशाच्या निर्यातीचा फार मोठा हिस्सा अनेक दशके माशांतूनच येत होता, त्याच्या दृष्टीने हा मंच म्हणजे जमिनीइतकाच देशाचा भाग होता. १९४८ मध्ये आइसलँडच्या संसदेने केलेल्या कायद्याने सागरमंचावरील मासेमारीचे नियमन करण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. पुढच्या सगळ्या घोषणा या एका कायद्याच्या आधारे झाल्या. करार संपवण्याची नोटीस १९४९ मध्ये दिली गेली आणि १९५१ मध्ये तो संपला.

पहिले दोन टप्पे

१९५२ मध्ये आइसलँडने हद्द ४ मैल केली आणि ती किनाऱ्याच्या वळणांवरून न मोजता भूशिरांना जोडणाऱ्या सरळ रेषांवरून मोजली. मागच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटन विरुद्ध नॉर्वे या खटल्यात सरळ रेषांची हीच पद्धत वैध ठरवली होती, तेव्हा कायदेशीर आक्षेपाला फारशी जागा नव्हती. ब्रिटिश मत्स्यव्यवसायाने दुसरा मार्ग घेतला. आइसलँडच्या जहाजांना ब्रिटिश बंदरांत मासे उतरवू देणे बंद केले. आइसलँडची सर्वांत महत्त्वाची बाजारपेठ अशा रीतीने बंद झाली. परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. १९५३ मध्ये सोव्हिएत संघाने आइसलँडशी व्यापार करार करून मासे घेण्यास सुरुवात केली, अमेरिकेत गोठवलेल्या माशांची विक्री वाढली, आणि १९५६ मध्ये ही बंदी उठली तेव्हा आइसलँडचे ब्रिटनवरील अवलंबित्व आधीपेक्षा कमी झालेले होते. दुसरा ग्राहक उपलब्ध असताना घातलेली व्यापारबंदी, ज्याच्यावर घातली त्याला मोकळे करून जाते. शीतयुद्धात दुसरा ग्राहक शोधायला फार दूर जावे लागत नव्हते.

१ सप्टेंबर १९५८ रोजी हद्द १२ मैल झाली आणि ब्रिटिश नौदल प्रथमच ट्रॉलरांच्या संरक्षणासाठी आले. युद्धनौकांच्या पहाऱ्यात ठरावीक चौकटीत मासेमारी करणे ट्रॉलरांना सोयीचे नव्हते आणि परवडणारेही नव्हते. त्याच वर्षी जिनिव्हात भरलेली समुद्रकायद्याची परिषद हद्दीवर एकमत करू शकली नाही. १९६० च्या दुसऱ्या परिषदेत ६ मैल प्रादेशिक समुद्र (किनारी राष्ट्राची सत्ता चालते तो पट्टा) आणि त्यापुढे ६ मैल मासेमारीचे क्षेत्र हा प्रस्ताव दोन-तृतीयांश बहुमतासाठी एका मताने कमी पडला. मार्च १९६१ मध्ये ब्रिटनने १२ मैलांची हद्द मान्य केली. त्या बदल्यात तीन वर्षे काही भागांत मासेमारीची सवलत मिळाली, आणि आणखी एक कलम मिळाले : आइसलँडने यापुढे हद्द वाढवली तर सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी आणि वाद झाल्यास तो आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेता यावा. आइसलँडमधील विरोधी पक्षांनी हे कलम म्हणजे सार्वभौमत्वाचा सौदा असल्याची टीका केली. अकरा वर्षांनी हेच कलम पुन्हा समोर आले.

१९७२-७३ : न्यायालय आणि जाळी कापणारा आकडा

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आइसलँडच्या हेरिंग मासेमारीचा अक्षरशः अंत झाला. अतिमासेमारीमुळे हेरिंगचे साठे कोसळले, निर्यातीचे उत्पन्न घसरले, चलनाचे मोठे अवमूल्यन करावे लागले आणि अनेक कुटुंबे देश सोडून गेली. कॉडचेही असेच झाले तर काय, हा प्रश्न त्यानंतर प्रत्येक घरात विचारला जाऊ लागला. १९७१ च्या निवडणुकीनंतर ओलाफुर योहानेसन यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या डाव्या बाजूच्या आघाडी सरकारने दोन आश्वासने दिली होती. एक म्हणजे १ सप्टेंबर १९७२ पासून ५० मैलांची हद्द, आणि दुसरे म्हणजे अमेरिकेबरोबरच्या संरक्षण कराराचा फेरविचार. दोन्ही आश्वासने एकाच कार्यक्रमपत्रिकेत असणे ही या प्रकरणातील कळीची बाब आहे, कारण लंडन आणि वॉशिंग्टनला ती आता वेगवेगळी वाचता येत नव्हती.

ब्रिटन आणि पश्चिम जर्मनी १९६१ च्या कलमाच्या आधारे आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. आइसलँडने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र नाकारले आणि सुनावणीला कोणी पाठवले नाही. करार अशा परिस्थितीत केला गेला होता की जी आता राहिलेली नाही आणि त्याचा हेतू पूर्ण झालेला आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. न्यायालयाने ऑगस्ट १९७२ मध्ये अंतरिम आदेश देऊन ब्रिटनला वर्षाला १ लाख ७० हजार टन मासेमारीची मर्यादा घालून दिली. फेब्रुवारी १९७३ मध्ये त्याने आपले अधिकारक्षेत्र असल्याचा निर्णय दिला. २५ जुलै १९७४ रोजी दहा विरुद्ध चार मतांनी अंतिम निकाल लागला. आइसलँडला ५० मैलांपर्यंत ब्रिटिश जहाजांना एकतर्फी बंदी घालण्याचा अधिकार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र मासेमारीवर विशेष अवलंबून असलेल्या किनारी राष्ट्राला प्राधान्याचा हक्क आहे, हेही त्याच निकालात म्हटलेले होते आणि दोन्ही पक्षांनी सद्भावनेने वाटाघाटी कराव्यात असा आदेश होता.

छोट्या राष्ट्रांचा खरा आधार आंतरराष्ट्रीय कायदा असतो, असे आपण सहसा मानतो, आणि मीही तसेच मानतो. पण या प्रकरणात छोट्या राष्ट्राने न्यायालयाकडे पाठ फिरवली आणि मोठ्या राष्ट्राने त्याचा आश्रय घेतला. हे अडचणीचे आहे आणि त्यावर पांघरूण घालू नये. निकाल तत्कालीन कायद्याचे वाचन म्हणून बहुतांशी योग्य होता. फक्त तो ज्या कायद्याचे वाचन करीत होता, तो कायदा न्यायाधीश लिहीत असतानाच बदलत होता. १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी सागरमंचाखालील संपत्तीवर हक्क सांगितला होता. १९४७ मध्ये चिली आणि पेरू यांनी २०० मैलांचा दावा केला होता. १९७३ पासून संयुक्त राष्ट्रांची समुद्रकायद्याची तिसरी परिषद सुरू झाली होती आणि तिथे आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील नव्याने स्वतंत्र झालेली किंवा आपल्या संपत्तीबाबत जागी झालेली राष्ट्रे बहुमतात होती. आइसलँडने कायदा मोडला, असे म्हणणे जितके खरे आहे तितकेच, कायदा कोणत्या दिशेने चालला आहे हे त्याने बरोबर ओळखले, हेही खरे आहे. ज्या राष्ट्राची ओळख चुकेल, त्याला मात्र हेच वर्तन फार महागात पडेल.

समुद्रावर दरम्यान एक साधे साधन अवतरले होते. गस्तनौकेच्या मागे पोलादी दोराला बांधलेला, धारदार फाळ असलेला एक आकडा ओढत न्यायचा, ट्रॉलरच्या मागून आडवे जायचे, आणि ट्रॉलर व त्याचे जाळे यांना जोडणारा दोर त्या आकड्यात अडकवून तोडायचा. ५ सप्टेंबर १९७२ रोजी 'आयगिर' या गस्तनौकेने हे साधन प्रथम वापरले. जाळे आणि त्यातले मासे समुद्रतळाशी जात, ट्रॉलरचा फेरा वाया जाई, आणि कोणाचा जीव जात नसे. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व सर्वाधिक आहे. दोर कापणाऱ्या नौकेवर गोळीबार करणे म्हणजे निःशस्त्रप्राय मित्रराष्ट्राच्या नागरी दलावर हल्ला करणे, आणि ते ब्रिटिश जनतेलाही पटले नसते. ब्रिटिश फ्रिगेटांवर, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकांवर, पाणबुड्या आणि विमाने नष्ट करण्याची सामग्री होती, पण तिथे तिचा उपयोग शून्य होता. उरला मार्ग आडवे येण्याचा आणि धडका देण्याचा, आणि त्यात वेगासाठी बांधलेल्या फ्रिगेटांचे पातळ पत्रे बर्फाळ पाण्यासाठी मजबूत केलेल्या गस्तनौकांपुढे लवकर फाटत. सामर्थ्याची बेरीज करताना तोफा मोजल्या जातात. पण जी तोफ डागता येत नाही ती त्या प्रसंगापुरती नसल्यासारखीच असते.

मे १९७३ मध्ये ब्रिटिश नौदल ५० मैलांच्या आत शिरले. त्याच महिन्यात 'आयगिर'ने 'एव्हर्टन' या ट्रॉलरवर गोळे डागले. ऑगस्टमध्ये एका धडकेनंतर 'आयगिर'ची दुरुस्ती करताना विजेच्या धक्क्याने तिच्यावरील एका अभियंत्याचा मृत्यू झाला. सप्टेंबरमध्ये आइसलँडने संबंध तोडण्याची मुदत दिली, नाटोचे सरचिटणीस जोसेफ लुन्स मध्यस्थीला धावले आणि ब्रिटिश पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला युद्धनौका मागे घेतल्या. नोव्हेंबरमध्ये दोन वर्षांचा करार झाला : ब्रिटनने वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार टनांपर्यंत मासे धरावेत. न्यायालयाचा अंतिम निकाल आला तेव्हा हा करार अमलात होता, आणि निकालात मिळालेले ब्रिटनने प्रत्यक्षात कधी वसूल केले नाही.

१९७५-७६ : शेवटचा टप्पा

१५ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँडने हद्द २०० मैल केली आणि महिन्याभरात ब्रिटनबरोबरचा करार संपला. कॉडचे साठे धोक्यात असल्याचा इशारा आइसलँडच्या सागरी संशोधन संस्थेने त्याच वर्षी दिला होता. एकूण किती मासे धरले जावेत याचा शास्त्रज्ञांनी सांगितलेला आकडा इतका खाली होता की तो मानायचा तर परदेशी जहाजांसाठी फारसे काही उरतच नव्हते. पश्चिम जर्मनीने नोव्हेंबरमध्ये तडजोड केली. ब्रिटनने नौदल पाठवले.

या वेळी रेक्याविकमध्ये डावे सरकार नव्हते. गेइर हाल्ग्रिम्सन यांच्या नेतृत्वाखालील सरकारमध्ये इंडिपेन्डन्स पार्टी हा नाटोचा आणि अमेरिकी तळाचा खंबीर समर्थक पक्ष प्रमुख होता. लंडनला वाटले असेल की या सरकारशी बोलणे सोपे जाईल. झाले नेमके उलटे. जो पक्ष मित्रराष्ट्रांचा मित्र म्हणून ओळखला जातो त्यालाच घरी सिद्ध करून दाखवावे लागते की मैत्री म्हणजे शरणागती नव्हे. या सरकारला तळ ठेवायचा होता, आणि म्हणूनच 'हा वाद चिघळला तर आम्ही तळ वाचवू शकणार नाही' हे त्याचे सांगणे वॉशिंग्टनला आणि नाटोचे मुख्यालय असलेल्या ब्रसेल्सला धमकीपेक्षाही गंभीर वाटले. धमकी देणाऱ्याच्या हेतूवर शंका घेता येते. आपल्याच मित्राने दिलेल्या धोक्याच्या सूचनेवर तशी शंका घेणे अवघड असते. जानेवारी १९७६ मध्ये आंदोलकांनी तळाशी संबंधित ठिकाणांकडे जाणारे रस्ते अडवले, तेव्हा ती सूचना पोकळ नाही हेही दिसले.

तळाचे मोल कशात होते हे सांगणे आवश्यक आहे. सोव्हिएत उत्तरी नौदलाच्या पाणबुड्या रशियाच्या वायव्य टोकाच्या कोला द्वीपकल्पावरून अटलांटिकमध्ये उतरत, तेव्हा त्यांना ग्रीनलंड, आइसलँड आणि ब्रिटन यांच्यामधल्या सागरी पट्ट्यातून जावे लागे. केफ्लाविकवरून उडणारी टेहळणी विमाने आणि समुद्रतळावरील ध्वनिग्राहक यंत्रणा यांच्या जोरावर हा पट्टा राखला जात होता. म्हणजे ब्रिटनची स्वतःची सुरक्षा ज्या साखळीवर अवलंबून होती तिचीच एक कडी ब्रिटन कॉडसाठी ताणत होता. अमेरिकेने उघडपणे कोणाची बाजू घेतली नाही. आइसलँडने तिच्याकडे वेगवान गस्तनौका मागितल्या, त्याही तिने दिल्या नाहीत. पण नाटोच्या बैठकांमध्ये दडपण कोणावर येत होते हे स्पष्ट होते.

हिवाळाभर धडका चालू राहिल्या. ब्रिटनने या टप्प्यात एकूण वीसहून अधिक फ्रिगेटा आळीपाळीने वापरल्या. आइसलँडच्या बाजूला 'टीर' या गस्तनौकेवर गुडमुंडुर क्यार्नेस्टेड यांच्यासारखे कप्तान होते आणि त्यांची नावे घरोघरी झाली. ६ मे १९७६ रोजी 'फाल्मथ' या फ्रिगेटने 'टीर'ला इतकी जोरात धडक दिली की ती उलटण्याच्या बेतात होती. त्या दिवशी गस्तनौका बुडून माणसे मेली असती तर पुढे काय झाले असते, हे दोन्ही राजधान्यांना कळून चुकले. एप्रिलमध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री झालेले अँथनी क्रॉसलंड हे ग्रिम्स्बीचे खासदार होते. ज्या बंदराची रोजीरोटी या करारावर टांगलेली होती, त्याच बंदराच्या प्रतिनिधीला १ जून रोजी ऑस्लोमध्ये करारावर सही करावी लागली. सहा महिने, दिवसाला सरासरी २४ ब्रिटिश ट्रॉलर, आणि १ डिसेंबर १९७६ नंतर काहीही नाही, असा तो करार होता.

ब्रिटन का हरला

पहिले कारण हितसंबंधांच्या तीव्रतेतील तफावत. मासेमारीचा ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा एक टक्काही नव्हता, आइसलँडचे मात्र त्यावर सर्वस्व होते. ब्रिटिश मंत्रिमंडळ माघार घेऊन दुसऱ्या दिवशी महागाई, संप आणि पौंडाच्या घसरणीकडे वळू शकत होते. आइसलँडचे कोणतेही सरकार माघार घेऊन सत्तेत राहू शकले नसते. लोकशाहीतील ही असमर्थताच वाटाघाटीत बळ झाली. ज्याच्या मागची वाट त्याच्याच मतदारांनी बंद केली आहे, तो मागे हटणार नाही हे समोरच्याला सांगावे लागत नाही.

दुसरे कारण ब्रिटनच्या भूमिकेतील विसंगती, आणि मला ते सर्वांत निर्णायक वाटते. १९७५ मध्ये ब्रिटनच्या उत्तर समुद्रातील तेल प्रथम किनाऱ्यावर आले. किनाऱ्यापासून शंभरहून अधिक मैलांवर समुद्रतळाखाली असलेले तेल आमचे, पण त्याच प्रकारच्या तळावर वाढणारा मासा मात्र सर्वांचा, हे म्हणणे आइसलँडच्या लोकांना पटणे शक्य नव्हते, आणि ते तटस्थ माणसालाही पटवून देणे कठीण होते. शिवाय समुद्रकायद्याच्या परिषदेत ब्रिटन स्वतः २०० मैलांच्या क्षेत्राच्या कल्पनेला अनुकूल झालेला होता. ऑस्लो करारानंतर सात महिन्यांतच, १ जानेवारी १९७७ पासून, ब्रिटनने स्वतःची मासेमारीची हद्द २०० मैल केली. जो नियम आपण स्वतः उद्या वापरणार आहोत त्याच्याविरुद्ध आज युद्धनौका पाठवणे किती काळ टिकणार होते? १९८२ च्या समुद्रकायदा करारात २०० मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्यातील मासे आणि इतर संपत्तीवर त्याच राष्ट्राचा हक्क असतो असा पट्टा, सर्व किनारी राष्ट्रांना मिळाले.

तिसरे कारण ब्रिटनच्या बदललेल्या स्थानाचे आहे. १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर, म्हणजे इजिप्तवरची चढाई अमेरिकेच्या दबावाने थांबवावी लागल्यानंतर, अमेरिकेच्या संमतीशिवाय दूरच्या समुद्रात बळाचा वापर रेटून नेणे ब्रिटनला शक्य राहिले नव्हते. १९७६ हे वर्ष त्याच्यासाठी आर्थिक संकटाचे होते आणि त्याच वर्षी त्याला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्ज मागावे लागले. नौदल अजून मोठे होते, पण त्यामागची राजकीय इच्छा आणि पैसा दोन्ही आटले होते. सत्तेचे नकाशे अशा रीतीने बदलतात तेव्हा युद्धनौकांची संख्या सर्वांत शेवटी घटते.

किंमत कोणी दिली

या विजयाची कहाणी सांगताना हल, ग्रिम्स्बी आणि फ्लीटवुड या इंग्लिश बंदरांना विसरता कामा नये. दूरच्या समुद्रात जाणारा ट्रॉलरांचा ताफा काही वर्षांत संपला. हजारो खलाशी आणि गोदीतले, बर्फाच्या कारखान्यांतले, मासे साफ करणारे कामगार बेकार झाले. खलाशांना 'नैमित्तिक कामगार' मानले गेल्यामुळे नोकरी गेल्याबद्दलची भरपाईही मिळाली नाही. ती देण्याची योजना ब्रिटिश सरकारने २००० साली आणली, तोवर त्यांतले अनेक जण हयात नव्हते. राष्ट्राने आपल्या दृष्टीने योग्य माघार घेतली, पण तिचा भार वाटून घेतला नाही. सार्वभौमत्वाच्या वादात हरणारे राष्ट्र हा शब्द फार मोठा असतो आणि प्रत्यक्षात हरणारी माणसे दोन-तीन बंदरांतली असतात.

आइसलँडलाही हद्द मिळाली म्हणून मासे वाचले असे झाले नाही. परदेशी ट्रॉलर गेल्यावर त्याच्याच ताफ्यात नवी जहाजे भरली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी पुन्हा धोक्याचा इशारा दिला. १९८४ पासून जहाजांना कोटा वाटून देण्याची पद्धत आली आणि पुढे तो कोटा विकत घेता-देता येऊ लागला. त्यामुळे साठे सावरले, पण मासेमारीचा हक्क मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटला आणि लहान गावांची बंदरे ओस पडली. समुद्र राष्ट्राचा झाला, पण राष्ट्रातल्या कोणाचा, हा वाद आइसलँडच्या राजकारणात तेव्हापासून चालू आहे.

तळ गेल्यानंतर

सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेने केफ्लाविकमधून आपले कायमचे सैन्य काढून घेतले. हा निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला आणि तळ राहावा ही रेक्याविकची इच्छा त्याला थांबवू शकली नाही. दोन वर्षांनी आइसलँडच्या बँका कोसळल्या, तेव्हा काय उणे झाले आहे ते दिसले. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांना डॉलर उपलब्ध करून देण्याची व्यवस्था केली, आइसलँडला मात्र ती मिळाली नाही. ऑक्टोबरमध्ये आइसलँडने रशियाकडून कर्ज मिळत असल्याचे जाहीर केले. १९५३ मध्ये मॉस्कोकडे वळण्याने जो परिणाम झाला होता तसा या वेळी झाला नाही, आणि ते कर्जही आले नाही. त्याच महिन्यात ब्रिटनने दहशतवादविरोधी कायद्यातील तरतूद वापरून लँड्सबांकी या बँकेची मालमत्ता गोठवली. सहकारी सदस्यराष्ट्राविरुद्ध अशा कायद्याचा वापर १९७० च्या दशकात नाटोच्या बैठकीत खपवून घेतला गेला असता, असे मला वाटत नाही.

तरीही त्या वादाचा शेवट पाहण्यासारखा आहे. कोसळलेल्या लँड्सबांकीतील ब्रिटिश आणि डच ठेवीदारांच्या पैशाच्या परतफेडीची हमी सरकारने द्यावी का, या प्रश्नावर २०१० आणि २०११ मध्ये सार्वमते झाली आणि दोन्ही वेळा मतदारांनी नकार दिला. जानेवारी २०१३ मध्ये युरोपीय मुक्त व्यापार संघाच्या न्यायालयाने आइसलँडच्या बाजूने निकाल दिला. या वेळी हाताशी तळ नव्हता आणि मॉस्कोचा पर्यायही नव्हता. उरला होता तो मतदारांनी बांधलेला सरकारचा हात, आणि या वेळी आइसलँड न्यायालयात हजर राहिले होते. युरोपीय संघाच्या सदस्यत्वासाठी त्याने २००९ मध्ये अर्ज केला आणि वाटाघाटीच्या इतर बहुतेक विषय-प्रकरणांवर बोलणी सुरूही झाली. २०१३ मध्ये नव्या सरकारने वाटाघाटी थांबवल्या, तोवर मासेमारीचे प्रकरण उघडलेलेच नव्हते.